हद्द नदीच्या मधोमध, धंदा दोन्ही काठांवर

वाचक विचारतात

गेल्या अंकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या, मिसिसिपी नदीकाठच्या रॉक आयलंड गावातल्या जॉन लूनीवर आम्ही अर्धं पान छापलं होतं. वकील होता, स्वतःचा पेपर काढायचा आणि त्या पेपरच्या जोरावर सगळ्या गावाकडून हप्ता गोळा करायचा, एवढंच त्यात होतं. त्यावर इतके प्रश्न आले की संपादकांनी यावेळी पाककृतीचं पान कापून आम्हाला जागा दिली, म्हंजे ज्यांना पाककृती हव्या होत्या त्यांच्या शिव्या आमच्या नावावर. प्रश्न वाचकांच्याच भाषेत ठेवलेत, पाल्हाळ तेवढं कमी केलंय.

शाहूपुरी, एक गूळ व्यापारी : शिकागो, न्यूयॉर्क समजू शकतो, तिथं पैसा आहे. पण ही बारकी गावं, तिथं एवढे डॉन कुठनं आले? आणि सगळी नदीकाठलाच कशी काय?

काका, तुम्ही पेठेतली माणसं, तुम्हाला हे लगेच कळेल. १८११ साली 'न्यू ऑर्लिन्स' नावाची पहिली आगबोट ओहायो आणि मिसिसिपीवरनं खाली गेली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत त्या सगळ्या नद्या म्हंजे हायवेच झाल्या. धान्य, लाकूड, शिसं, डुकराचं मांस सगळं बोटीनं. बोट धक्क्याला लागली की उतरणारी माणसं कोण, तर खलाशी, हमाल, वरनं लाकडाचे तराफे घेऊन आलेले पोरगे, ज्यांना महिन्या दोन महिन्यांचा पगार एकदम रोख मिळालाय, घर पाचशे मैल लांब, गावात ओळखीचं कुत्रं नाही आणि बोट सकाळी सुटणार. अशा माणसाचा खिसा एका रात्रीत रिकामा करायला जे लागतं ते सगळं धक्क्यालगतच्या दोन गल्ल्यांत उभं राहिलं. दारू, पत्ते, कोठे, आणि सकाळी वस्तू गहाण ठेवायला सावकार.

पण हे झालं अर्धं उत्तर, कारण आगबोटी मागं पडल्या, रेल्वे आली, तरी धंदे तिथंच राहिले. त्याचं कारण हद्द. तिकडं बऱ्याच राज्यांची सीमा नदीतनंच जाते. अलीकडं आयोवा, पलीकडं इलिनॉय. अलीकडं ओहायो, पलीकडं केंटकी. एका राज्याचा पोलिस पूल ओलांडून दुसऱ्या राज्यात अटक करू शकत नाही, आणि दोन्हीकडचे कायदे वेगळे. आयोवानं १८८४ ला दारूबंदी आणली, मग दंड भरून गुत्ते चालवायची पळवाट काढली, मग १९१६ ला ती पळवाट पण बंद केली, आणि या काळात समोरचं इलिनॉय मात्र ओलंच होतं, ते देशभर बंदी आली तेव्हा १९२० ला कोरडं झालं, ते पण कागदावर. आता आयोवातल्या डेव्हनपोर्टच्या माणसाला तहान लागली तर तो काय करणार, पूल ओलांडून रॉक आयलंडला जाणार. आपल्याकडं आंबोली, गगनबावडा, राधानगरी रस्त्यावर 'गोवा बनावटीची' गाडी पकडल्याची बातमी दर आठवड्याला का असते? दोन बाजूंच्या करात फरक आहे तोवर ती असणारच, तिथं घाट आहे आणि इथं पूल, एवढाच काय तो फरक.

डेव्हनपोर्ट पण काही सोवळं नव्हतं बरं का. पुलाच्या टोकाला तिथं बकटाऊन म्हणून वस्ती होती, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कॅथलिक बिशप हेन्री कॉसग्रोव्ह यांनी आपलं गाव आकाराच्या मानानं अमेरिकेतलं सगळ्यात पापी गाव आहे असं उघड सांगितलं. बिशपच म्हटल्यावर पेपरवाल्यांनी ते उचलून धरलं.

गडहिंग्लज, एक वकील : मी स्वतः कोर्टात उभा राहतो म्हणून विचारतो. लूनी वकील होता म्हणता, मग शेवटी अडकला कशात?

वकीलसाहेब, चेकमध्ये अडकला. थोडं मागनं सांगतो, कारण ही गोष्ट सांगायला आम्हाला पण आवडते.

लूनीचा जन्म १८६५ चा, इलिनॉयमधलाच. आधी तारमास्तर, मग वकील, मग राजकारणात हात मारायचा प्रयत्न, तो काही जमला नाही. मग त्यानं 'रॉक आयलंड न्यूज' नावाचा पेपर हातात घेतला. पद्धत अशी की गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाबद्दल मजकूर तयार करायचा, खरा असो नायतर खोटा, बायकांच्या भानगडी, दारू, काहीही, आणि तो छापायच्या आधी त्या माणसाला दाखवायचा. पैसे दिले तर मजकूर खिळ्यांत परत, नाही दिले तर सकाळी सगळ्या गावात. विचार करा, १९२० च्या जनगणनेत या गावाची वस्ती सुमारे ३५ हजार. म्हंजे ज्याच्याबद्दल छापलंय त्याची सासू, त्याचा गवळी, त्याच्या पोराचा मास्तर सगळे वाचणार. मोठ्या शहरात असा पेपर चार दिवसांत रद्दीत जातो, पण लहान गावात माणूस गाव सोडूनच जाईल. पिस्तुलापेक्षा ही भीती जास्त चालली असं आमचं मत आहे, आणि गुत्ते, जुगार, कोठे यांच्याकडचा हप्ता हा त्याच्यावरचा मजला होता.

१९१२ च्या मार्चमध्ये त्यानं महापौर हॅरी श्रायव्हरवरच छापलं. महापौरानं काय करावं? अब्रुनुकसानीचा दावा? नाही. पोलिसांना लूनीला उचलून आणायला सांगितलं आणि पोलिस स्टेशनातच त्याला स्वतःच्या हातानं बडवला. लूनी दवाखान्यात. चार दिवसांत मार्केट स्क्वेअरमध्ये त्याच्या बाजूचा जमाव गोळा झाला, पोलिस स्टेशनवर चालून गेला, गोळीबार झाला, दोन माणसं मेली आणि राज्यपालाला फौज पाठवावी लागली. पेपर बंद पडला, लूनी न्यू मेक्सिकोकडं गेला. गाव सुटलं म्हणायचं तर पठ्ठ्या काही वर्षांनी परत आला, आणि आता तर देशभर दारूबंदी, म्हंजे सोन्याहून पिवळं. यावेळी पोलिस प्रमुख आणि महापौर दोन्ही त्याच्याच बाजूला, भांडण करायची गरजच उरली नव्हती.

आता चेक. बिल गेबल नावाचा गुत्तेवाला, आधी पोलिसात होता, तो लूनीला हप्ता द्यायचा पण रोख न देता चेकनं द्यायचा. बँकेतनं वटून परत आलेल्या चेकच्या मागं लूनीची सही. गेबलनं हे चेक जपून ठेवले आणि हप्ता वाढला तेव्हा जाऊन केंद्राच्या अधिकाऱ्यांना दाखवले. त्याच रात्री, ३१ जुलै १९२२, त्याला स्वतःच्या गुत्त्यासमोर गोळ्या घातल्या. मग ऑक्टोबरच्या ६ तारखेला भर दुपारी बाजारात गोळीबार झाला, त्यात लूनीचा तरणा पोरगा कॉनर गेला, मारणारे लूनीचेच जुने लोक. लूनी परागंदा झाला, १९२४ ला न्यू मेक्सिकोत बेलेन नावाच्या गावात सापडला, आणि खटला स्वतःच्या गावात चालवणं शक्य नव्हतं म्हणून गेल्सबर्गला चालला. गेबलच्या खुनाबद्दल १४ वर्षं लागली, त्यातली साडेआठच्या आसपास भोगून १९३४ ला सुटला. वकील असून चेकच्या मागं सही करतो म्हंजे काय म्हणावं, पण वीस वर्षं कुणी हात लावला नाही की सगळ्यांचंच असं होतं.

इचलकरंजी, नाव छापू नका : पोलिसांनी गुंडांबरोबर करार केला होता असं एक गाव होतं म्हणे. खरं की वॉट्सअॅप?

शंभर टक्के खरं. सेंट पॉल, मिनेसोटाची राजधानी, मिसिसिपीच्याच काठावर. जॉन ओकॉनर म्हणून पोलिस प्रमुख होता, १९०० ते १९२०, मधली दोन वर्षं सोडून. त्याचा नियम साधा. कुठलाही चोर, दरोडेखोर, फरारी सेंट पॉलमध्ये येऊन राहू शकतो, अटी तीन. आल्याआल्या ठरलेल्या माणसाकडं हजेरी लावायची, थोडे पैसे ठेवायचे आणि या शहरात गुन्हा करायचा नाही. बाहेर काय वाट्टेल ते करा. बाहेरच्या पोलिसांकडनं वॉरंट आलं की आधी पाहुण्याला निरोप जायचा.

तुम्ही म्हणाल लोकांनी खपवून कसं घेतलं. अहो, लोकांना आवडत होतं! घराला कुलूप न लावता झोपायचं, बायका रात्री दहाला रस्त्यावरनं बिनधास्त चालत यायच्या, बँक लुटली जायची ती शेजारच्या मिनियापोलिसला. शेजारच्याची बँक गेली तर आपल्याला काय त्याचं. हजेरीचं काम पुढं डॅन होगन म्हणून एकाकडं आलं, कपडे झकपक म्हणून लोक त्याला डॅपर डॅन म्हणायचे, वाबाशा रस्त्यावर ग्रीन लँटर्न नावाचा त्याचा गुत्ता होता, तिथंच चोरीचा माल, तिथंच मांडवली. होगननं शब्द पाळला असं सगळेच म्हणतात. ४ डिसेंबर १९२८ ला सकाळी त्यानं गाडी चालू केली आणि खाली लावलेला बॉम्ब उडाला. कुणी लावला ते कोर्टात कधी सिद्ध झालं नाही, त्याच्या जागी हॅरी सॉयर बसला एवढं मात्र झालं.

गंमत बघा, देशभरच्या दारूबंदीचा कायदा ज्याच्या नावानं ओळखतात तो अँड्र्यू व्होल्स्टेड मिनेसोटाचाच खासदार, आणि खासदारकी गेल्यावर बंदीच्या अंमलबजावणीचं त्याचं ऑफिस याच सेंट पॉलमधल्या फेडरल बिल्डिंगमध्ये. खिडकीतनं बघितलं असतं तर बरंच काही दिसलं असतं.

करार मोडला कधी? दारूबंदी संपत आली, धंदा बसायला लागला आणि पाहुण्यांना पैसे कमी पडायला लागले तेव्हा. १५ जून १९३३ ला विल्यम हॅम, बियर कारखान्याचा मालक, दुपारी जेवायला कारखान्यातनं चालत घरी निघाला होता, त्याला पाहुण्यांपैकीच बार्कर-कार्पिस टोळीनं उचललं. खंडणी १ लाख डॉलर. पुढच्या जानेवारीत एडवर्ड ब्रेमर, बँकवाला, पोरीला शाळेत सोडून निघाला आणि उचलला, खंडणी २ लाख. आता ही दोन्ही घरं गावातली बडी. ब्रेमरच्या वडिलांची तर थेट अध्यक्ष रूझवेल्टशी ओळख. आणि पोलिसांच्या हालचाली टोळीला आतनं कळत होत्या, कारण टॉम ब्राऊन म्हणून माजी पोलिस प्रमुख अपहरणाच्या तपास पथकातच बसलेला. त्याला १९३६ ला नोकरीवरनं काढलं, अपहरणाचा खटला काही त्याच्यावर चालला नाही. हॅमच्या खंडणीच्या चिठ्ठ्यांवरचे पुसट ठसे सिल्व्हर नायट्रेट लावून उठवले, तेव्हा ती नवीनच युक्ती होती, आणि त्यातनं टोळी सापडत गेली. १९३५ ला एका स्थानिक पेपरनं पुढाकार घेऊन पोलिस मुख्यालयाचेच फोन टॅप करवले, त्यात आपले साहेब जुगाऱ्यांना धाडीची वेळ सांगतायत हे सगळं निघालं आणि भराभर राजीनामे, निलंबनं.

म्हंजे तीस वर्षं बाहेरच्या गावांच्या बँका लुटल्या तेव्हा कुणाला नीतीची आठवण झाली नाही, आपल्या गल्लीतला माणूस उचलल्यावर झाली.

इचलकरंजीतूनच दुसरे, यंत्रमागवाले : मटक्यासारखं काही तिकडं होतं का? आमच्या गावानं त्यात लई घरं बुडालेली बघितलीत.

होतं. तिकडं त्याला पॉलिसी किंवा नंबर्स म्हणायचे, गरीब वस्त्यांत, चाराण्या-आठाण्यावर. पण तुम्ही कापसातली माणसं म्हणून उलटं सांगतो. आपला मटका सुरू झाला तोच अमेरिकेच्या जोरावर. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे कापसाचे उघडते आणि मिटते भाव तारेनं मुंबईला यायचे आणि त्यावर आकडा लागायचा. १९६१ ला ते भाव यायचे बंद झाले, तेव्हा धंदा बुडू नये म्हणून वरळीला कल्याणजी भगत आणि नंतर रतन खत्री यांनी आकडा स्वतःच काढायला सुरुवात केली. पुढचं तुम्हाला माहितीये.

कागल, कॉलेजचा विद्यार्थी : बोटीवर टोपी घालून पत्ते खेळणारे ते लोक खरंच होते का? लई भारी वाटतात.

होते, पण भारी बिरी काही नव्हते भावा. बहुतेकांचं काम तीन पत्ती मांडून 'राणी कुठाय सांग' एवढंच, सोबत दोन साथीदार जे अनोळखी असल्यासारखे उभे राहून जिंकून दाखवायचे. जत्रेत बघितलंस तेच. १८३५ ला व्हिक्सबर्ग गावात, हे खाली दक्षिणेत, लोकांनी पाच जुगाऱ्यांना खटला बिटला काही न चालवता फाशी दिलं. जमिनीवर हे असं, म्हणून बोट बरी, तिथनं पुढच्या धक्क्याला उतरता येतं.

कळंबा, सरकारी कंत्राटदार (निवृत्त) : पुढाऱ्याचा सिमेंटचा कारखाना आणि शहराचं काम, हे कॉम्बिनेशन आपल्याकडंच आहे का हो?

साहेब, तुमच्या प्रश्नातच अनुभव दिसतोय! कॅन्सस सिटी, मिझुरी नदीवरचं गाव. टॉम पेंडरगास्ट. हा कधी महापौर झाला नाही, एका साध्या दुमजली इमारतीत खुर्ची टाकून बसायचा, लोक जिन्यात रांग लावायचे, कुणाला नोकरी, कुणाला कोळसा, कुणाला पोलिसातनं सोडवायचं. थंडीत कोळसा देणारा माणूस मतं मागतो तेव्हा नाही कोण म्हणणार. आणि त्याची रेडी-मिक्स काँक्रीटची कंपनी होती. मंदीच्या काळात शहरानं कर्ज काढून कोर्ट, सिटी हॉल, सभागृह अशा मोठ्या इमारती उठवल्या, ब्रश क्रीक नावाच्या ओढ्याच्या तळाला पण काँक्रीट ओतलं, आणि काँक्रीट कुणाचं ते तुम्ही सांगू नका, आम्ही पण सांगत नाही. खरं सांगायचं तर इमारती चांगल्या झाल्या, अजून वापरात आहेत.

बारा नंबरच्या रस्त्यावर क्लब सकाळपर्यंत चालायचे, दारूबंदी असून नसल्यासारखी, आणि क्लबांना वाजवणारे लागतात म्हणून देशभरचे काळे वादक इथं आले. काउंट बेसीचा जॅझ इथलाच. १९३४ च्या शहराच्या निवडणुकीत मारामाऱ्या, गोळीबार होऊन चार माणसं मेली तरी माणूस हलला नाही. हलवला तो इन्कम टॅक्सनं. विमा कंपन्यांकडनं मोठी लाच घेतली होती, लाच घेतली ते राहूदे, तिच्यावर टॅक्स भरला नाही, म्हणून १९३९ ला १५ महिने तुरुंग. शिकागोच्या कपोनला १९३१ ला ११ वर्षं लागली ती पण टॅक्समध्येच. खुनाचा साक्षीदार फिरवता येतो पण वहीतला आकडा फिरवता येत नाही, ते तुम्हाला आम्ही काय सांगायचं.

अजून एक. पेंडरगास्टनं पुढं आणलेला एक पोरगा होता, कपड्याचं दुकान बुडालेलं, त्याला आधी काउंटीत, म्हंजे जिल्ह्यात, आणि १९३४ ला सिनेटवर निवडून आणला. हॅरी ट्रुमन. जानेवारी १९४५ ला पेंडरगास्ट वारला तेव्हा ट्रुमनला उपाध्यक्ष होऊन आठवडा पण झाला नव्हता. सगळ्यांनी सांगितलं जाऊ नका, तरी तो अंत्यविधीला गेला. यावरनं त्याला नावं ठेवणारे पण आहेत आणि माणूस म्हणावा तर असा म्हणणारे पण. आम्ही दुसऱ्या गटात, कोल्हापुरात राहून दुसरं काय होणार.

राजारामपुरी, एक शिक्षिका : तुम्ही लोक डॉन, पोलिस, पुढारी यांच्याच गोष्टी रंगवता. ज्या बायकांच्या जिवावर हे कोठे चालले त्यांचं कुणी काही लिहिलंय का?

ताई, बरोबर बोललात, आणि याला मजेचं उत्तर नाही.

त्यांची नावं आपल्याला कळतात ती पोलिसांच्या दंडाच्या वह्यांतनं. बऱ्याच नदीकाठच्या गावांत पद्धत अशी होती की महिन्यातनं एकदा कोठ्यावरच्या बायकांना कोर्टात बोलवायचं, ठरलेला दंड घ्यायचा आणि घरी पाठवायचं. कागदावर शिक्षा, प्रत्यक्षात लायसन्स फी. त्या पैशावर नगरपालिकेचा बराच खर्च निघायचा, म्हणून बंद करा म्हणणारे पण बजेटच्या वेळी गप्प.

सेंट लुइसनं १८७० ला हे उघडच केलं. अमेरिकेतलं असं करणारं पहिलं मोठं शहर. कायदा करून कोठे आणि बायका यांची नोंदणी, फी आणि डॉक्टरकडनं ठराविक दिवसांनी तपासणी. आजारी निघाली की शहराच्या खास हॉस्पिटलात ठेवायचं, तिच्याच फीमधनं उभारलेल्या. तपासणी फक्त बाईची, गिऱ्हाइकाची नाही. आजार कुणी आणला आणि पुढं घरी कुणाला दिला हा प्रश्न त्या कायद्यात कुठंच नाही. चर्चवाले आणि शहरातल्या बायकांनी मोठी सह्यांची मोहीम केली, राज्याच्या विधिमंडळानं १८७४ ला कायदा रद्द केला. आता विरोध करणाऱ्यांत दोन जातीची माणसं होती, एक म्हणायची हे पापाला सरकारी शिक्का देणं आहे, दुसरी म्हणायची हा बायकांवर अन्याय आहे. पहिल्यांचा आवाज मोठा होता. रद्द झाल्यावर कोठे बंद झाले का? नाही. नोंदणी गेली, डॉक्टर गेला आणि पोलिसांचा हप्ता परत आला, तो बायकांच्याच कमाईतनं. ते हॉस्पिटल पुढं बायकांचं साधं हॉस्पिटल झालं, आणि १९०६ ला तिथंच जोसेफिन बेकर जन्मली, जिनं पुढं नाचगाण्यानं पॅरिस गाजवलं.

लूनीच्या खटल्यात, सेंट पॉलच्या चौकशीत बायकांच्या साक्षी आहेत, काहींनी जिवावर उदार होऊन दिल्यात. त्यांचं पुढं काय झालं यावर कुणी पान खर्च केलं नाही, आम्ही गेल्या अंकात पण केलं नव्हतं.

उत्तूर, एक पैलवान : निवडणुकीत उमेदवाराला बदनाम करायचे तिकडचे प्रकार सांगा की.

न्यूपोर्ट, केंटकी. ओहायो नदीच्या पलीकडं सिनसिनाटी, मोठं आणि सभ्य शहर, आणि अलीकडं हे बारकं न्यूपोर्ट, जिथं सिनसिनाटीचे सभ्य लोक संध्याकाळी पूल ओलांडून यायचे. जुगाराचे क्लब उघड्यावर, मागं क्लीव्हलँडची टोळी. १९६१ ला जॉर्ज रॅटरमन नावाचा माजी फुटबॉलपटू, आठ पोरांचा बाप, शेरीफच्या निवडणुकीला उभा राहिला, म्हणाला हे सगळं बंद करणार. मे महिन्यात त्याला बोलणी करायला म्हणून बोलावलं, पेयात गुंगीचं औषध घातलं आणि एका हॉटेलच्या खोलीत एप्रिल फ्लॉवर्स नावानं नाचणाऱ्या बाईबरोबर पलंगावर टाकलं. पोलिस लगेच 'धाड' टाकायला हजर. अर्धवट कपड्यात वरात, पेपरात बातमी.

पण त्यानं लगेच रक्त तपासून घेतलं. क्लोरल हायड्रेट निघालं. कोर्टात एक फोटोग्राफर पण उभा राहिला, म्हणाला फोटो काढायला या म्हणून मला आधीच विचारून ठेवलं होतं. खटला तिथंच आडवा. नोव्हेंबरला रॅटरमन निवडून आला आणि तोवर केंद्रात ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी, त्याची माणसं न्यूपोर्टला तळ ठोकून. क्लब एकेक करत बंद होत गेले. पैलवान, डाव टाकणाऱ्याचीच पाठ लागली ती अशी.

नागाळा पार्क, एक आजोबा : माझा मुलगा मोलीनला ट्रॅक्टर कंपनीत आहे, मे महिन्यात आम्ही दोघं चाललोय. तुम्ही लिहिता ते रॉक आयलंड तिथून जवळ आहे का? काय बघावं? आणि तिकडं बोटीवर कॅसिनो आहे म्हणतात.

आजोबा, जवळ म्हंजे गावाला लागूनच. मोलीन, रॉक आयलंड नदीच्या एका काठाला, डेव्हनपोर्ट आणि बेटेनडॉर्फ दुसऱ्या. लूनीचं दगडी घर रॉक आयलंडला टेकाडावर अजून उभं आहे, पण खासगी आहे, रस्त्यावरनं बघा, बेल वाजवू नका. नदीतल्या बेटावरनं जाणारा जुना लोखंडी गव्हर्नमेंट ब्रिज १८९६ चा, खालनं मोटारी, वरनं रेल्वे, आणि मोठी बोट आली की पुलाचा एक भाग अख्खा गोल फिरतो. ते फिरताना बघायला मिळालं तर सोडू नका. मुलाला सुट्टी असली तर सेंट पॉल गाडीनं पाच-साडेपाच तासांवर, तिथं जुनी फेडरल बिल्डिंग आता लँडमार्क सेंटर म्हणून जपलीये, ज्या कोर्टात त्या टोळ्यांचे खटले चालले ते आत जाऊन बघता येतं.

कॅसिनोचं म्हणाल तर ते आता कायदेशीर. आयोवानं १९८९ ला कायदा केला आणि १ एप्रिल १९९१ ला डेव्हनपोर्ट-बेटेनडॉर्फच्या धक्क्यावरनं जुगाराच्या बोटी सुटल्या, देशात पहिल्या. त्यावेळी शेतीची अवजारं करणारे कारखाने बसले होते, हजारो लोक घरी, तेव्हा कर कुठनं तरी हवा होता. नियम कडक, एका डावाला ५ डॉलर आणि एका फेरीत जास्तीत जास्त २०० डॉलर हरायची परवानगी. मग समोरच्या इलिनॉयनं त्याच वर्षी मर्यादा न ठेवता बोटी आणल्या, आयोवाच्या काही बोटी गिऱ्हाईक नाही म्हणून खाली दक्षिणेला निघून गेल्या आणि १९९४ ला आयोवानं मर्यादा काढून टाकली. आता तर बहुतेक कॅसिनो जमिनीवरच आहेत. आत जायला वय २१ पूर्ण लागतं, पासपोर्ट जवळ ठेवा. आजींना आधी सांगून जा, आणि जेवण आत स्वस्त मिळतं म्हणून मुलगा नेत असेल तर शाकाहारी काय आहे ते दारातच विचारून घ्या.